बारा जीबींचे पत्ते: मोठी वर्डलिस्ट लोड करण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यात पेठांच्या भागात एक छोटी डेटा रिकव्हरी प्रयोगशाळा आहे. ती चालवणाऱ्या मॅडम, दोन अभियंते आणि नोंदी सांभाळणारी एक सहायक, एवढाच तिचा कारभार. मी तिथे अधूनमधून सल्ल्यासाठी जातो. संबंधितांची ओळख पटेल असे तपशील या लेखात बदलले आहेत, तांत्रिक भाग जसा घडला तसाच ठेवला आहे.

ग्राहक होतं एका सनदी लेखापालांचं कार्यालय. तिथे कित्येक वर्षं हिशेबाचं काम बघणारे एक ज्येष्ठ कर्मचारी अचानक वारले. सगळं ऑफिस त्यांना काका म्हणायचं. काकांची शिस्त कडक होती. आर्थिक वर्ष संपलं की प्रत्येक अशिलाची कागदपत्रं एका झिप किंवा एक्सेल फाइलीत बांधायची, तिला पासवर्ड लावायचा आणि सुट्या फाइली पुसून टाकायच्या. पासवर्ड कुठेही लिहून ठेवलेले नव्हते. काका होते तोवर कुणाचं काही अडलं नाही. ते गेल्यावर काही अशिलांना जुन्या वर्षांच्या आयकराच्या नोटिसा आल्या आणि त्या वर्षांचे ताळेबंद कुलूपबंद असल्याचं सर्वांच्या लक्षात आलं.

फाइली तीन जातीच्या होत्या. पहिली जात एक्सेलच्या ९७ ते २००३ या काळातल्या वर्कबुकांची. दुसरी एईएस ही कुलूपपद्धत (एन्क्रिप्शन) लावलेल्या झिप फाइलींची. तिसरी थोडकी, पण अलीकडच्या एक्सेलची. हे तिन्ही प्रकार पासवर्ड तपासायला किती वेळ घेतात यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि पुढचं सगळं त्यावरच ठरलं. जुन्या एक्सेलमध्ये नेहमीच्या सेटिंगला ४० बिटांच्या किल्लीचं आरसी४ हे एन्क्रिप्शन असतं. ते इतकं हलकं आहे की साधं ग्राफिक्स कार्डही सेकंदाला कोट्यवधी पासवर्ड तपासतं. झिपच्या एईएसमध्ये प्रत्येक पासवर्ड गणिताच्या १,००० फेऱ्यांतून जातो. एक्सेल २०१३ आणि त्यानंतरच्या फाइलींत एसएचए-५१२ या जड गणिताच्या १,००,००० फेऱ्या असतात, तिथे वेग काही हजारांवर येतो.

मॅडमनी पहिल्याच भेटीत एक अट घातली. फाइल ज्या अशिलाची असेल त्याचं लेखी संमतिपत्र हातात आल्याशिवाय ती फाइल घ्यायची नाही. मालकाच्या परवानगीशिवाय संगणकातली माहिती उघडणं हे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये बसतं. लेखापाल साहेबांचा शब्द त्यांच्या स्वतःच्या कागदांपुरता चालतो, अशिलाच्या कागदांना चालत नाही. साहेबांना ही अट जाचक वाटली, पण त्यांनी ती मान्य केली. मला ती पूर्ण योग्य वाटते. तिचा एक तांत्रिक परिणाम मात्र कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. संमतिपत्रं जशी येतील तशा फाइली येणार होत्या, आज दोन, परवा पाच. शिवाय प्रत्येक अशिलाची नोंद वेगळी ठेवायची होती.

अडचण

प्रयोगशाळेकडे पूर्वीच्या एका अभियंत्याने लिहिलेला स्वतःचा प्रोग्रॅम होता. तो वर्डलिस्ट, म्हणजे संभाव्य पासवर्डांची यादी उघडायचा, दुबार शब्द गाळायचा आणि उरलेले शब्द पाइपमधून (एका प्रोग्रॅमकडून थेट दुसऱ्याकडे जाणाऱ्या वाटेने) जॉन द रिपर किंवा हॅशकॅट या पासवर्ड तपासणाऱ्या प्रोग्रॅमांकडे ढकलायचा. कोणत्या फाइलीसाठी कुठपर्यंत शब्द तपासून झाले, याची नोंदही तोच ठेवायचा. ग्राहकाला लेखी अहवाल द्यायचा असल्यामुळे ही नोंद महत्त्वाची होती.

हा प्रोग्रॅम लिहिला गेला तेव्हा समोर रॉकयू ही यादी होती. २००९ साली रॉकयू कंपनीच्या सर्व्हरमधून सव्वातीन कोटींच्या आसपास खात्यांचे पासवर्ड उघडे पडले आणि त्यातून ही यादी तयार झाली. तिच्यात सुमारे १ कोटी ४३ लाख वेगवेगळे शब्द आहेत आणि आकार जेमतेम १४० एमबी. एवढी यादी कुठल्याही प्रोग्रॅमने कशीही वाचली तरी चालते. पुढे प्रयोगशाळेने क्रॅकस्टेशनची मोठी यादी घेतली. तिच्यात १४९ कोटींहून जास्त शब्द आहेत आणि उघडल्यावर ती १५ जीबी भरते. शब्द शंभर पटींनी वाढले, प्रोग्रॅम तोच राहिला.

काकांच्या फाइली येऊ लागल्या तसं कामाचं चित्र विचित्र दिसू लागलं. धाकटा अभियंता सी-डॅकचा सुरक्षेचा अभ्यासक्रम करून नुकताच लागला होता. तो एक फाइल लावायचा आणि पडद्यावर ‘यादी लोड होत आहे’ एवढंच दिसत राहायचं. जुन्या एक्सेलची फाइल असेल तर प्रत्यक्ष तपासणी चुटकीसरशी संपायची. मग दुसरी फाइल, पुन्हा तीच वाट पाहणं. कधीकधी मशीन इतकं मंदावायचं की माउसही हलायचा नाही.

“मॅडम, हे कार्ड आता पुरत नाही. नवीन घ्यायला हवं,” असं त्याने सांगितलं. पैसे द्यायला मॅडमची ना नव्हती. त्यांनी एवढंच विचारलं, “अरे, पण लोड होत असताना हे कार्ड काय करत असतं?” त्याने पाहिलं. कार्डाचा वापर शून्य टक्के होता.

माझ्या मते या प्रकरणातला पहिला निर्णायक क्षण हाच. नवीन कार्ड आलं असतं तर शून्य टक्के वापराचं आणखी महाग यंत्र टेबलावर बसलं असतं.

वेळ जातो कुठे

मी तिथे पोहोचलो तेव्हा प्रश्न सरळ होता: १५ जीबीची यादी वाचायला किती वेळ लागायला हवा आणि किती लागतो?

यादी यूएसबीवर लावलेल्या फिरत्या हार्ड डिस्कवर होती. अशी डिस्क सलग वाचताना सेकंदाला १२० एमबीच्या आसपास देते. १५ जीबीला १२० एमबीने भागलं तर दोन मिनिटांच्या थोडं वर येतं. नुसतं वाचायला इतका वेळ लागणार हे ठीक. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट जात होता. दुसरी गोष्ट जास्त खटकणारी होती. लागोपाठ दुसऱ्यांदा चालवलं तरी तेवढाच वेळ लागायचा. लिनक्स एकदा वाचलेली फाइल मोकळ्या मेमरीत ठेवून देतं, त्याला पेज कॅशे म्हणतात. मशीनला ३२ जीबी मेमरी होती, १५ जीबीची फाइल तिच्यात सहज बसायला हवी होती. मग दुसऱ्या खेपेला पुन्हा डिस्क का फिरत होती?

उत्तर प्रोग्रॅमच्या रचनेत होतं. तो आधी सगळी फाइल स्वतःच्या बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या राखीव जागेत आणायचा. मग ओळी मोजायचा. मग प्रत्येक शब्द बफरमध्ये कुठे सुरू होतो याचा पत्ता एका मोठ्या ॲरेमध्ये लिहायचा. चौसष्ट बिटांच्या मशीनवर एक पत्ता ८ बाइटांचा असतो. १४९ कोटी शब्दांचे पत्ते म्हणजे जवळजवळ १२ जीबी. दुबार शब्द ओळखण्यासाठी वर एक हॅश टेबल, त्यात शब्दामागे ४ बाइट धरले तरी आणखी ६ जीबी. शब्द १५, पत्ते १२, टेबल ६, बेरीज ३३. मशीनमध्ये ३२.

धान्याच्या कोठीत निम्मी जागा धान्याच्या हिशेबाच्या वह्यांनीच अडवावी, तसा हा प्रकार होता. यादीतला एक शब्द सरासरी दहा बाइटांचा, त्याचा पत्ता आठ बाइटांचा. रॉकयूच्या वेळी हेच गुणोत्तर होतं, पण तेव्हा पत्त्यांना सगळे मिळून सव्वाशे एमबीसुद्धा लागत नव्हते, म्हणून ते कुणाला टोचलं नाही.

मेमरी भरली की दोन गोष्टी एकदम होतात. प्रोग्रॅमचा काही भाग स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर जातो आणि मशीन गुदमरतं. त्याआधीच पेज कॅशेतली यादी बाहेर फेकली जाते, कारण कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या दृष्टीने तीच सगळ्यात सहज सोडता येणारी वस्तू. प्रोग्रॅम संपला की त्याची ३३ जीबी सुटतात आणि मेमरी रिकामी होते, पण यादी तिच्यात उरलेली नसते. पुढची फाइल लावली की डिस्क पहिल्यापासून फिरते. काम संथ होण्याचं खरं कारण या चक्रात होतं आणि ते नुसत्या घड्याळाकडे बघून कळण्यासारखं नव्हतं. मेमरीचे आकडे दर सेकंदाला पडद्यावर उमटवत ठेवल्यावर बफर-कॅशेचा आकडा फुगून अचानक कोसळताना दिसला, तेव्हा धाकट्या अभियंत्याने स्वतःच ते ओळखलं.

समोरचे पर्याय

सगळ्यात सोपा उपाय मेमरी वाढवण्याचा. ६४ जीबी केली असती तर ३३ जीबी मावली असती आणि पेज कॅशेलाही जागा राहिली असती. थोरला अभियंता याच बाजूचा होता. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, ग्राहकाची मुदत जवळ आली होती आणि मेमरी एका दिवसात बसते. पण त्या जुन्या मदरबोर्डवर ३२ च्या पुढे जागाच नव्हती. म्हणजे बोर्ड, प्रोसेसर सगळंच बदलायचं. तो पर्याय बाजूला ठेवला.

दुसरा पर्याय यादी यूएसबी डिस्कवरून काढून मशीनमधल्या एनव्हीएमई एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर ठेवण्याचा. अशी एसएसडी सेकंदाला ३ जीबीच्या पुढे देते. हे तर करायचंच होतं, त्यावर चर्चाही झाली नाही.

तिसरा पर्याय यादी दाबलेल्या रूपातच ठेवून वाचता वाचता उघडण्याचा. ऐकायला उलटं वाटतं, पण हिशेब करून पाहा. जीझिपने दाबलेली ही यादी साडेचार जीबीच्या आत येते. तेवढी यूएसबी डिस्कवरून वाचायला पस्तीस-चाळीस सेकंद. उघडण्याचं काम एका कोअरवर सेकंदाला काही शे एमबीच्या गतीने त्याच वेळी चालतं. संथ डिस्कवर हा पर्याय दोन मिनिटांपेक्षा खरोखरच जलद ठरतो. हॅशकॅटने ६.० आवृत्तीपासून दाबलेल्या याद्या वाचायची सोय दिली आहे, तिचा एक फायदा हाच. पण एनव्हीएमईवर गेल्यावर गणित फिरतं, तिथे डिस्क पुढे आणि उघडणारा कोअर मागे. म्हणून हाही पर्याय सुटला.

चौथा, सगळ्या फाइली एकत्र लावण्याचा. एकाच जातीच्या पन्नास फाइलींचे हॅश (पासवर्ड ताडून पाहण्यासाठी फाइलीतून काढलेले छोटे तुकडे) एका खेपेत दिले तर यादी एकदाच वाचावी लागते. प्रत्येक फाइलीचा सॉल्ट, म्हणजे पासवर्डात मिसळला जाणारा यादृच्छिक आकडा, वेगळा असल्यामुळे तपासणीचं काम पन्नास पटच राहतं, पण लोडिंग पन्नास वेळा होत नाही. तांत्रिकदृष्ट्या मला हा सर्वांत आवडला होता. तो अडला तो संमतिपत्रांवर. पन्नास पत्रं जमेपर्यंत थांबायचं तर नोटिशीची मुदत उलटणार, आणि एका अशिलाच्या नोंदीत दुसऱ्याचं नाव येऊ द्यायचं नाही हे आधीच ठरलेलं. मॅडमनी त्यावर तडजोड करायला नकार दिला.

मग राहिला प्रोग्रॅम बदलण्याचा पर्याय. त्यातही दोन वाटा होत्या. एक, पत्ते ८ ऐवजी ४ बाइटांत बसवायचे. चार बाइटांत ४ जीबीपर्यंतचेच पत्ते मावतात, म्हणून यादीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याच्या आतला पत्ता लिहायचा. १२ जीबीचे ६ होतात. दुसरी, पत्त्यांची यादीच काढून टाकायची.

थोरल्याचा कल पहिल्या वाटेकडे होता, कारण बदल थोडा. धाकट्याने विचारलं, “पण दादा, आपल्याला मधला कुठलाही शब्द उचलायची गरज कधी पडते?” खरंच पडत नव्हती. यादी पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत सरळ जायची, एकदाच. शब्दात फेरफार करून नवे शब्द बनवण्याच्या प्रत्येक नियमासाठी तीच यादी पुन्हा पुन्हा फिरवायची असेल तर मेमरीत तयार मांडणी ठेवण्याला अर्थ आहे. इथे नियम लावण्याचं काम पुढचं इंजिन ग्राफिक्स कार्डावरच करत होतं. पत्त्यांचा तो ॲरे पूर्वीच्या कुठल्या तरी गरजेतून आला असावा आणि गरज गेल्यावरही राहिला होता.

काय केलं

आधी यादी साफ केली, एकदाच आणि कायमची. दुबार शब्द प्रत्येक खेपेला लोड करताना गाळायचे, यापेक्षा एकदा गाळून नवी फाइल करून ठेवली की ते ६ जीबींचं टेबल कायमचं जातं.

इथे दुसरा निर्णायक क्षण आला. दुबार काढायचा सोपा मार्ग म्हणजे यादी वर्णक्रमाने लावून शेजारचे सारखे शब्द उडवणं. लिनक्सची सॉर्ट आज्ञा हे करते. लोकेल, म्हणजे भाषेचं सेटिंग, सी ठेवलं तर ती बाइटांची थेट तुलना करते आणि खूपच वेगाने चालते. धाकट्याने तसं करायला घेतलंही होतं. पण प्रयोगशाळेकडे रॉकयूसारख्या काही याद्याही होत्या आणि त्या वापराच्या वारंवारतेने लावलेल्या असतात. रॉकयूची सुरुवात १२३४५६ ने होते, कारण तोच पासवर्ड सगळ्यात जास्त लोकांनी ठेवला होता. अशा यादीला वर्णक्रम लावला की तिच्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट, म्हणजे क्रम, नष्ट होते. झिप किंवा नव्या एक्सेलसारख्या संथ फाइलींत पासवर्ड यादीच्या पहिल्या लाखात आहे की शंभराव्या कोटीत, यावर सगळं अवलंबून असतं. सेकंदाला १५ हजारांचा वेग धरला तर १४९ कोटी शब्दांना सुमारे २८ तास लागतात. पहिल्या लाखाला सात सेकंद.

म्हणून क्रम राखणारी पद्धत घेतली. जॉन द रिपरसोबत युनिक नावाचा एक छोटा प्रोग्रॅम येतो. तो प्रत्येक शब्दाची पहिली जागा ठेवतो आणि नंतरच्या नकला गाळतो. आधी छोट्या, वारंवारतेने लावलेल्या याद्या आणि त्यांच्यामागे मोठी यादी, अशी एकच फाइल करून ती युनिकमधून काढली. याला वेळ लागला, रात्रभर चालवलं. एकदाच करायचं असल्यामुळे कुणाला त्याचं ओझं वाटलं नाही.

मग लोडर, म्हणजे यादी वाचून पुढे देणारा प्रोग्रॅम, नव्याने लिहिला. तो ६४ एमबीचा एक तुकडा वाचतो, त्यात ओळीचा शेवट शोधत जातो आणि शब्द पाइपमध्ये टाकतो. एक तुकडा चालू असताना प्रोग्रॅमचा समांतर चालणारा दुसरा धागा (थ्रेड) पुढचा तुकडा वाचून ठेवतो. म्हणजे प्रोग्रॅमची स्वतःची मेमरी दोन तुकड्यांपुरती. जुन्या प्रोग्रॅमचा आणखी एक दोष यात निघाला. तो एक शब्द वाचला की एक शब्द पाइपमध्ये लिहायचा. प्रत्येक लिहिणं म्हणजे कर्नलला एक हाक, आणि १४९ कोटी हाका. एका हाकेला तीनशे नॅनोसेकंद धरले तरी सात मिनिटांच्या वर नुसत्या हाकाच होतात. नवा लोडर शब्दांचे मोठे गठ्ठे एका हाकेत लिहितो. या एका बदलाने किती फरक पडेल याची मलाही इतकी कल्पना नव्हती.

वेगाचा हव्यास कुठे थांबवायचा, हाही निर्णय झाला. ओळीचा शेवट शोधायला सी भाषेतलं मेमसीएचआर फंक्शन वापरलं होतं. ते लांब ओळींवर फार जलद आहे, पण शब्द दहा बाइटांचे असले की प्रत्येक हाकेचा ठरलेला खर्चच जास्त होतो. धाकट्याने प्रोसेसरच्या एव्हीएक्स२ या खास सूचना वापरून ३२ बाइट एकदम तपासणारी आणि त्यातले सगळे ओळशेवट एका झटक्यात काढणारी आवृत्ती लिहिली. ती चालली आणि जलदही होती. पण ती फक्त जुन्या एक्सेलसाठी उपयोगी पडत होती, झिपसाठी कार्डच इतकं मागे होतं की लोडर कितीही पळाला तरी फरक शून्य. मॅडमनी विचारलं, “तू उद्या दुसरीकडे गेलास तर हे कोण वाचणार?” ती आवृत्ती बाजूला जपून ठेवली, रोजच्या कामात साधीच राहिली. मला स्वतःला ती आवृत्ती फार सुंदर वाटली होती, तरीही मॅडमचा निर्णय बरोबर होता.

तपासणीवर मात्र हात आखडता घेतला नाही. जलद लोडर एखादा शब्द गाळत असेल तर तो संथ लोडरपेक्षा वाईट, कारण पासवर्ड यादीत असूनही ‘सापडला नाही’ असा अहवाल ग्राहकाला जाईल. म्हणून छोट्या यादीवर जुन्या आणि नव्या लोडरमधून बाहेर पडणारे सगळे शब्द दोन फाइलींत घेतले आणि बाइट-बाइट ताडले. दोन ठिकाणी फरक निघाला. एक, तुकड्याच्या सीमेवर येणारा शब्द दोन भागांत कापला जात होता. ६४ एमबीमागे एकच शब्द असा कापला जातो, आणि नेमका तोच शब्द कुणाचा तरी पासवर्ड असू शकतो. दोन, विंडोजवर तयार झालेल्या यादीत ओळीच्या शेवटी एक अदृश्य जादा चिन्ह असतं. जुना लोडर ते काढायचा, नवा काढत नव्हता. ते राहिलं असतं तर त्या यादीतला एकही शब्द कधीच जुळला नसता. दोन्ही दुरुस्त झाल्यावरच नवा लोडर कामाला लावला.

काय झालं

दिवसातली पहिली खेप एनव्हीएमईवरून काही सेकंदांत वाचून होऊ लागली. त्यानंतर यादी पेज कॅशेतच राहते, कारण तिला बाहेर ढकलणारं आता काही उरलेलं नाही. दुसऱ्या खेपेपासून डिस्कचा दिवा लुकलुकतसुद्धा नाही. स्वॅपचा वापर थांबला. जुन्या एक्सेलच्या फाइली चहा येईपर्यंत हातावेगळ्या होऊ लागल्या.

झिपच्या फाइलींवर लोडरमुळे जो वेळ वाचला तो एकूण वेळाच्या मानाने थोडा होता आणि नव्या एक्सेलवर जवळजवळ नगण्य. हे आधी हिशेबाने माहीत होतं, तरी थोरल्या अभियंत्याला ते प्रत्यक्ष पाहिल्यावरच पटलं.

या फाइली उघडल्या त्या वेगळ्याच वाटेने. जुन्या एक्सेलमधून निघालेले पासवर्ड बघताना सहायकेच्या लक्षात आलं की त्यात अशिलाच्या पॅनचे तुकडे दिसतात. काकांची पद्धत तिने ओळखली. आयकर खात्याकडून येणाऱ्या पीडीएफला लहान अक्षरांतला पॅन आणि त्यामागे जन्मतारीख असा पासवर्ड असतो. काका आयुष्यभर त्याच पीडीएफ उघडत आले होते, तीच सवय स्वतःच्या फाइलींना लागली होती. कुठे जन्मतारखेऐवजी आर्थिक वर्ष, कुठे शेवटी गाडीच्या नंबरातले एमएच १२. संमतिपत्रासोबत अशिलाने दिलेल्या पॅन आणि तारखेवरून प्रत्येक फाइलीमागे काही हजार शब्दांची यादी बनवली. ती इतकी लहान होती की तिला लोडिंगच नव्हतं. झिपच्या बहुतेक फाइली तिनेच उघडल्या. या याद्या नेटवर्कला न जोडलेल्या मशीनवर होत्या आणि काम संपल्यावर पुसल्या.

मूठभर फाइली उघडल्याच नाहीत. त्या कोणत्या, त्यांच्यावर कोणती यादी कुठपर्यंत चालवली, हे अहवालात लिहून दिलं.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम उलटा हवा होता. पॅनच्या धाटणीची छोटी यादी आधी आणि १४९ कोटींची नंतर. ऑफिसमधल्या माणसांशी काकांच्या सवयींबद्दल पहिल्याच दिवशी अर्धा तास बोलणं झालं असतं, तर झिपच्या फाइलींवर मोठी यादी फारशी लावावीच लागली नसती. आता प्रयोगशाळेच्या अर्जात पासवर्ड ठेवणाऱ्याच्या सवयींबद्दल एक पूर्ण रकाना आहे.

जुन्या एक्सेलसाठी तर वर्डलिस्ट लागतच नाही. ४० बिटांची किल्ली म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी शक्यता. सेकंदाला २० कोटींचा वेग धरला तर सगळ्या किल्ल्या दीड तासात संपतात आणि पासवर्ड काहीही असला तरी फाइल उघडते. यादीने न उघडलेल्या वर्कबुकांवर शेवटी हेच केलं. लोडर सुधारण्याचं श्रेय कमी न करता मी हे म्हणेन की या जातीच्या फाइलींना ही वाट पहिल्यापासून खुली होती. एकाच अशिलाच्या दहा-बारा फाइली असतील तर यादीची वाट स्वस्त पडते, कारण पासवर्ड कळला की तो बाकीच्यांनाही लागू पडतो. किल्ली मिळाली तर ती त्या एका फाइलीपुरतीच.

आणखी एक पर्याय पुरेसा तोलला गेला नाही. यादी थेट हॅशकॅटला देता आली असती. ते पहिल्या खेपेला शब्द मोजतं, मोजणी जपून ठेवतं आणि पुढच्या खेपांना लगेच सुरू होतं. कुठपर्यंत आलो हेही त्याला सांगता येतं, पाइपमधून शब्द घेताना ते सांगता येत नाही. स्वतःचा प्रोग्रॅम ठेवला तो अशिलागणिक नोंदीसाठी. त्या नोंदीचं काम वेगळं काढून यादी थेट दिली असती तर लोडर लिहावाच लागला नसता, असा माझा अंदाज आहे. थोरल्या अभियंत्याचं मत वेगळं आहे. त्याच्या मते नोंद आणि शब्दप्रवाह एकाच ठिकाणी असणंच विश्वासाचं.

मध्येच थांबलेलं काम पुन्हा सुरू करण्याची बाजू अजून पूर्ण झालेली नाही. देखभालीसाठी गुरुवारी वीज जाते, इन्व्हर्टर पडदा आणि दिवे धरतो, ग्राफिक्स कार्ड धरत नाही. जुना प्रोग्रॅम शब्दाचा क्रमांक लिहून ठेवायचा, त्यामुळे ऐंशी कोटीव्या शब्दावर परत यायला आधीचे ऐंशी कोटी मोजावे लागायचे. नवा प्रोग्रॅम फाइलीतली बाइटांची जागा लिहितो आणि थेट तिथे उडी घेतो. पण मधल्या काळात कुणी यादी पुन्हा साफ केली तर ती जागा चुकीची ठरते. म्हणून जागेसोबत यादीचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ नोंदवली जाते, आणि त्यांत फरक दिसला तर प्रोग्रॅम पुढे जायला नकार देतो. आकार आणि वेळ दोन्ही जुळूनही आतले शब्द बदललेले असू शकतात का, यावर धाकटा अभियंता आता चाचण्या लिहितो आहे.